मी तोच, हे कशावरून?

(आकाशवाणीवरील भाषणाचे संपादित रूप)

आमच्या सोसायटीच्या गणपतीत मागे एकदा एक प्रकार घडला. तिथूनच सुरुवात करतो.

संध्याकाळची आरती होती. पूर्वी टाळ-झांजा घेऊन माणसं स्वतः आरती म्हणत. हल्ली जुन्यांचे आवाज बसलेत आणि नव्यांना आरत्या अर्ध्याच पाठ असतात. म्हणून एका बिनतारी स्पीकरवर मोबाइलमधून आरत्या लावतात आणि बाकीचे त्यामागून म्हणतात. त्या दिवशी हा मोबाइल एका कॉलेजकुमाराच्या खिशात होता. दुसरी आरती सुरू झाली आणि त्याला आठवलं, की कापूर घरीच राहिला. तो धावत वर गेला. तो चौथ्या मजल्यावर पोचला असेल नसेल, एवढ्यात स्पीकर गप्प झाला. एक बारीकसा ‘टुणुक’ आवाज आला आणि भर आरतीत एक बाई ठणठणीत आवाजात सांगू लागल्या, "आता यात दोन चमचे आलं-लसणाची पेस्ट घालायची आणि तेल सुटेपर्यंत परतायचं!"

पहिल्या मजल्यावरच्या काकू स्वयंपाकघरात मोबाइलवर पाककृती बघत होत्या. मंडपात कुणाला हसू आवरेना. सेक्रेटरी मात्र असे चिडले, की जणू काकूंनी मुद्दामच केलं. काकू बिचाऱ्या वर विचारात पडल्या होत्या, की आपल्या मोबाइलचा आवाज एकदम गेला कुठे!

रात्री माझ्या नातीनं विचारलं, "आजोबा, स्पीकरला कसं कळलं, की हा काकूंचा फोन आहे?"

मी सगळी नोकरी तंत्रनिकेतनात इलेक्ट्रॉनिक्स शिकवण्यात काढली. इतका नेमका प्रश्न मला वर्गात क्वचितच कुणी विचारला असेल. कारण बघा, मंडपात तेव्हा तीस-चाळीस मोबाइल होते, स्पीकरपासून हाताच्या अंतरावर होते. त्यातला एकही स्पीकरनं धरला नाही. भिंतीपलीकडचा, वरच्या मजल्यावरचा काकूंचा मोबाइल मात्र बरोबर शोधून काढला. आदल्या कोजागरीला गच्चीवर गाणी लावायला काकूंनी आपला मोबाइल त्या स्पीकरला जोडला होता. काकू ते विसरल्या होत्या. स्पीकर विसरला नव्हता.

पहिल्या जोडणीच्या वेळी दोन्ही उपकरणं मिळून एक गुप्त किल्ली तयार करतात. ही किल्ली म्हणजे एक लांबलचक संख्या. तिची एक प्रत याच्याकडे राहते, एक त्याच्याकडे. पुढे कधीही भेट झाली, की किल्ली दाखवायची आणि कामाला लागायचं. म्हणजे स्पीकरला काकू ठाऊक नाहीत आणि त्यांचा मोबाइलही तसा ठाऊक नाही. त्याला फक्त किल्ली ठाऊक आहे.

या जोडणीला आपण ‘ब्लूटूथ’ म्हणतो. एरिक्सन या स्वीडिश कंपनीत, लुंड या गावी, १९९४ च्या सुमारास तिच्यावर काम सुरू झालं. याप हार्टसेन हे डच अभियंते त्यात पुढे होते. हेतू साधा होता, की मोबाइल आणि त्याचे कानातले यंत्र यांच्यामधली वायर काढून टाकायची. ‘निळा दात’ हे विचित्र नाव मात्र इंटेलचे जिम कार्डाक यांनी सुचवलं. दहाव्या शतकातल्या हॅराल्ड या डॅनिश राजाचं ते टोपणनाव. त्यानं वेगवेगळ्या टोळ्या एकत्र आणल्या, तशी ही यंत्रणा वेगवेगळी यंत्रं एकत्र आणणार, ही कल्पना. नाव तात्पुरतं होतं, तेच कायम झालं. आपल्याकडे बाळाला लाडानं ‘बंड्या’ म्हणतात आणि तो साठीला टेकला तरी बंड्याच राहतो, तसं.

आता मूळ प्रश्नाकडे वळू. किल्ली दाखवायची म्हणजे काय करायचं? ती हवेतून पाठवली तर वाटेत कुणीही ती टिपून घेईल. रेडिओ लहरींना भिंत नसते, हे तुम्हाला रेडिओवरून सांगायची गरज नाही. म्हणून ब्लूटूथमध्ये किल्ली कधीच पाठवत नाहीत. एक यंत्र दुसऱ्याला मनाला येईल ती एक मोठी संख्या पाठवतं आणि म्हणतं, "तुझी किल्ली वापरून हिचं उत्तर काढ." दुसरं उत्तर काढून पाठवतं. पहिलं आपल्याकडच्या किल्लीनं तेच गणित करून पाहतं. उत्तरं जुळली, तर समोरच्याकडे तीच किल्ली आहे. दर वेळी संख्या नवी, त्यामुळे कालचं उत्तर चोरून आज उपयोग नाही.

रामायणात मारुतीनं अशोकवनात सीतेला रामाची अंगठी दाखवली, ती ओळख पटवण्यासाठीच. पण सीता तेवढ्यावर थांबली नाही. तिनं आपला चूडामणी मारुतीजवळ परत पाठवला. म्हणजे इकडून खूण गेली आणि तिकडूनही खूण आली. हा दुसरा भाग लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

अडचण होती ती पहिल्या भेटीत. किल्ली मुळात बनवायची कशी? सुरुवातीच्या ब्लूटूथमध्ये त्यासाठी आपण दोन्हीकडे एक पिन टाकत असू. कानातल्या यंत्राला बटणंच नसत, म्हणून त्याची पिन कारखान्यातच ठरलेली असे. बहुतेक वेळा चार शून्यं, नाहीतर एक-दोन-तीन-चार. पुस्तिकेत ती छापूनही देत. कुलपावरच किल्ली चिकटवून विकण्यातला प्रकार.

पण समजा, पिन तुम्ही स्वतः ठरवली आणि गुप्त ठेवली, तरी काय? चार आकड्यांच्या पिना दहाच हजार. बँकेच्या एटीएममध्ये दहा हजार असल्या तरी भीती नाही, कारण तीन वेळा चुकलात की यंत्र कार्ड बंद करतं. इथे तसं नव्हतं. चोरानं पहिल्या जोडणीचं संभाषण एकदा ऐकून टिपून घेतलं, की तो घरी जाऊन सवडीनं एकेक पिन लावून पाहू शकत असे. त्याला अडवायला कुणी नाही. २००५ मध्ये तेल अवीव विद्यापीठातल्या यानिव शाकेद आणि अविशाय वूल यांनी हे करून दाखवलं. तेव्हाही जुन्या झालेल्या पेंटियम-३ संगणकावर चार आकडी पिन सेकंदाच्या तीन दशांश वेळात निघाली. आपण ती पिन टाइप करायला त्याहून जास्त वेळ घेतो.

"पण त्यासाठी चोर दहा मीटरच्या आत हवा ना?" असं माझे विद्यार्थी विचारत. मलाही बरेच दिवस तसंच वाटत असे. २००४ मध्ये कॅलिफोर्नियात काही तरुणांनी बंदुकीच्या दस्त्याला मोठा अँटेना बसवला आणि मैलाहून अधिक अंतरावरच्या मोबाइलशी ब्लूटूथनं संपर्क साधला. दहा मीटर ही आपल्या मोबाइलच्या छोट्या अँटेनाची मर्यादा आहे. ऐकणाऱ्याचा कान मोठा असेल तर ती त्याला लागू नाही.

मग २००७ मध्ये नवी पद्धत आली. तिच्या मुळाशी १९७६ मध्ये व्हिटफील्ड डिफी आणि मार्टिन हेलमन यांनी मांडलेली कल्पना आहे. ती मला फार आवडते. भर चौकात, सगळ्यांच्या देखत बोलूनही दोघांना एक गुपित तयार करता येतं आणि ऐकणाऱ्याला ते कळत नाही! वर्गात फळ्यावर मी हे आकड्यांनी सांगत असे. रेडिओवर मसाल्यानं सांगतो.

दोन जावा, दोन गावी. दोघींकडे सुरुवातीला सारखाच, सगळ्यांना ठाऊक असलेला मसाला. थोरली त्यात आपला एक गुप्त जिन्नस घालते, धाकटी आपला घालते. मग दोघी डबे पोस्टमनकरवी एकमेकींना पाठवतात. आलेल्या डब्यात प्रत्येक जण पुन्हा आपलाच जिन्नस घालते. झालं! दोघींच्या हाती आता एकच मसाला आहे. मूळचा, अधिक थोरलीचा जिन्नस, अधिक धाकटीचा जिन्नस. पोस्टमननं वाटेत दोन्ही डबे उघडून पाहिले तरी त्याला तो जमत नाही. दळून एकजीव झालेल्या मसाल्यातून जिन्नस वेगळा काढता येत नाही, आणि दोन डबे एकत्र केले तर मूळ मसाला दुप्पट पडतो. गणितातही हेच होतं. मिसळणं सोपं आहे, उलगडणं अशक्यप्राय आहे.

पण पोस्टमन नुसता चोरून पाहणारा नसून बदमाश असला तर? त्यानं थोरलीचा डबा स्वतःच ठेवून घेतला, धाकटीला स्वतः बनवलेला डबा दिला आणि उलटही तसंच केलं. आता थोरलीचं गुपित जमलं पोस्टमनशी, धाकटीचंही पोस्टमनशी. दोघींना वाटतं, आपण एकमेकींशी बोलतोय. सगळं बोलणं त्याच्या हातून जातं.

यावर तोड म्हणजे तुम्ही पडद्यावर पाहता ते सहा आकडे. दोन मोबाइल किंवा मोबाइल आणि गाडी जोडताना दोन्हीकडे सहा आकडे दिसतात आणि ‘जुळतात का?’ असा प्रश्न येतो. दोन्ही यंत्रं आपापल्या हाती आलेल्या मालावरून हे आकडे स्वतंत्रपणे काढतात. मध्ये कुणी लबाडी केली असेल, तर आकडे वेगळे येतात. लबाडी करूनही ते योगायोगानं जुळण्याची शक्यता दहा लाखांत एक. म्हणजे एवढं अफाट गणित शेवटी येऊन थांबतं ते आपल्या दोन डोळ्यांवर. आकडे पाहायचं काम यंत्र करू शकत नाही. ते माणसानंच करायचं असतं.

आणि माणूस काय करतो? मी माझंच सांगतो. वीस वर्षं हे शिकवलेला मी, गेल्या वर्षी गाडीला मोबाइल जोडला, तेव्हा आकडे आले आणि मी ते न पाहता ‘हो’ दाबलं. विक्रेत्याचा मुलगा शेजारी घाई करत होता, एवढीच माझी सबब.

आपण ‘हो’ का दाबतो, याची एक जुनी गोष्ट आहे. जून २००४ मध्ये ‘काबिर’ नावाचा किडा उघडकीला आला. हा मोबाइलचा विषाणू ब्लूटूथवरून पसरे. तो चोरपावलांनी येत नसे. रीतसर विचारत असे, की संदेश आला आहे, घ्यायचा का? ‘नाही’ म्हटलं, की पुन्हा विचारी. पुन्हा ‘नाही’, की पुन्हा. ज्याच्या मोबाइलमध्ये तो आहे तो माणूस जवळ असेपर्यंत तुमचा मोबाइल दुसऱ्या कामाला येतच नसे. कंटाळून माणसं ‘हो’ म्हणत. मग तो ‘बसवू का?’ विचारी, त्यालाही ‘हो’. ऑगस्ट २००५ मध्ये हेलसिंकीत जागतिक अ‍ॅथलेटिक्स स्पर्धा भरली, तेव्हा प्रेक्षकांनी गच्च भरलेल्या स्टेडियममध्ये या काबिरची साथच पसरली. माणसं खांद्याला खांदा लावून बसलेली, मोबाइल खिशात, ब्लूटूथ चालू. सर्दी पसरावी तसा तो पसरला. कुलूप तोडावं लागलंच नाही. घरमालकाला बेल वाजवून वाजवून बेजार केलं, एवढंच.

स्पीकरला किंवा कानातल्या यंत्राला पडदाच नसतो, तिथे आकडे दाखवायचे कुठे? तिथे पडताळणी गाळून टाकलेली आहे. नुसतं जोडायचं. बाहेरून ऐकणाऱ्यापासून ही जोडणी सुरक्षित असते, मधल्या पोस्टमनपासून नसते. गाण्याच्या स्पीकरला हे चालून जातं. कुणी मधे शिरलाच तर फार तर आपल्या आरत्या ऐकेल. पण हीच सोय जेव्हा दाराच्या कुलपाला किंवा औषधाच्या पंपाला लावली जाते, तेव्हा मला ते पटत नाही.

आता सीतेच्या चूडामणीकडे परत येऊ. २०२० मध्ये डानिएले अँतोनिओली, निल्स ओले टिपनहावर आणि कॅस्पर रासमुसेन या तीन संशोधकांनी दाखवलं, की ब्लूटूथच्या जुन्या पडताळणीत खूण एकाच बाजूनं मागितली जात होती. जोडणीत एक यंत्र म्होरक्या असतं आणि दुसरं अनुयायी. ‘किल्ली दाखव’ असं म्होरक्यानं म्हणायचं, अनुयायानं दाखवायची. म्होरक्याला उलट विचारण्याची सक्ती नव्हती. शिवाय ही भूमिका मधेच बदलून मागता येत असे. मग तोतया काय करतो? काकूंच्या मोबाइलचं नाव-पत्ता घेऊन स्पीकरकडे जातो, म्हणतो, "आज मी म्होरक्या." आणि लगेच प्रश्नही तोच विचारतो. स्पीकर इमानदारीत उत्तर देतो. तोतयाला ते बरोबर की चूक हे तपासायचंच नसतं, तो नुसती मान डोलावतो. त्याच्याकडे किल्ली नाही, पण त्याला ती कुणी मागतच नाही.

पॅसेंजर गाडीत काळा कोट घालून चढलेला फुकट्या आठवा. तो सगळ्यांची तिकिटं तपासत डब्यातून फिरतो. त्याचं तिकीट कोण विचारणार? यंत्रणा बनवणाऱ्या हुशार माणसांच्या हे इतकी वर्षं ध्यानात आलं नाही, याचं मला फारसं नवल वाटत नाही. आपणही बँकेतून बोलतोय म्हणून फोन आला, की आपली जन्मतारीख सांगून मोकळे होतो. ‘तुम्ही बँकेचेच कशावरून?’ हे विचारायला आपल्याला संकोच वाटतो. पुढे ब्लूटूथच्या नियमांत दोन्ही बाजूंनी खूण मागायची दुरुस्ती केली गेली.

आणखी एक गोष्ट धावती सांगतो. मोबाइल जवळ आला की दार उघडणाऱ्या गाड्या आहेत. ‘जवळ आहे म्हणजे मालकच आहे’ हा त्यांचा हिशेब. २०२२ मध्ये एनसीसी ग्रुपच्या संशोधकांनी एक यंत्र मालकाच्या मोबाइलजवळ, दुसरं गाडीजवळ ठेवून मधले संदेश नुसते इकडचे तिकडे पोचवले आणि टेस्लाची मॉडेल-३ गाडी उघडून दाखवली. किल्ली खरी, उत्तरं खरी, फक्त मालक दूर. २०२४ मध्ये आलेल्या ब्लूटूथच्या सहाव्या आवृत्तीत म्हणूनच अंतर मोजण्याची सोय घातली आहे.

आता माझ्या गाडीचं सांगतो. मघाशी म्हटलं ती गाडी नवी नव्हे, दुसऱ्या हातची. घेतल्यावर आठवड्यानं सवडीनं तिचा पडदा चाळत बसलो, तर जोडलेल्या मोबाइलच्या यादीत माझ्याखेरीज आणखी एक मोबाइल. त्यावर बोट ठेवलं, आणि एका अनोळखी घराचा अख्खा संसार उघडला. सासूबाई, सोनार, बाळाचे डॉक्टर, दूधवाला, ‘मुकादम नवा’, ‘मुकादम जुना’. शेवटच्या दिवशी कुणाला किती वाजता फोन केला, तेही. सगळ्याच गाड्या हे साठवून ठेवतात असं नाही, पण या गाडीनं ठेवलं होतं. दुसऱ्याचं पत्र चुकून फोडल्यासारखं वाटलं. मी ती नोंद काढून टाकली आणि एकदम आठवलं, की माझी जुनी गाडी मी दोन वर्षांपूर्वी तासगावच्या एका द्राक्ष बागायतदाराला विकली आहे!

विकताना मी माझ्या मोबाइलमधून गाडीचं नाव पुसलं होतं. तेवढ्यावर समाधान मानलं होतं. पण मघाशी सांगितलं ना, किल्लीच्या प्रती दोन असतात. एक माझ्याकडची मी पुसली. दुसरी गाडीत होती, आणि तिच्याबरोबर माझी नावांची यादी.

मी त्यांना फोन लावला. "हाय की सर," ते म्हणाले, "यादीत चार मोबाइल दिसत्यात. तुमचा कुठला?"

मी माझ्या मोबाइलला कधी नाव दिलंच नव्हतं. कारखान्यातून आलेलं कंपनीचं नाव आणि क्रमांक तेवढाच. ते सांगितलं.

"मग घोळ हाय. तसले दोन हायत. एक आमच्या मंडळींचा."

म्हटलं, एक उघडून बघा, पहिली नावं कोणती आहेत?

"पहिलं ‘आई’ हाय."

"तोच माझा."

"सर, आई तर दोन्हीकडं हाय."

माझी आई २०२१ मध्ये गेली. तिच्या घरचा फोन त्यानंतर आम्ही बंद केला, पण नंबर काही मी मोबाइलमधून काढला नव्हता. मी त्यांना म्हटलं, "पहिल्यातला आईचा नंबर समोर ठेवा. शेवटचे चार आकडे मी सांगतो. तुम्ही बघा, जुळतात का."

मी आकडे सांगितले. पलीकडे क्षणभर शांतता. ते खरोखरच एकेक आकडा पाहत होते.

"जुळले," ते म्हणाले. "काढू, सर?"

"काढा," मी म्हटलं.